बकरी, एक नग, वापरलेली

परदेशातून आपली गाडी घरी आणू नये, असं मी कुणालाही सांगणार नाही. आणावी. फक्त गाडीत काय काय भरलं जातंय ते स्वतः उभं राहून बघावं. मी बघितलं नाही, कारण त्या वेळी कारखान्यात माझ्या निरोपाचा समारंभ चालू होता, आणि भाषण माझ्याच कौतुकाचं असल्यामुळे मध्येच उठणं बरं दिसलं नसतं.

मी संगमेश निटुरे, मुक्काम लातूर. साखर कारखान्यात केमिस्ट. उमेदीची बरीच वर्षं आपल्याकडच्या कारखान्यांत काढली आणि शेवटची टांझानियात. आफ्रिकेत ऊस आहे आणि तो आपल्यासारखाच गोड आहे, हे ऐकून आमच्या नातेवाइकांना अजूनही नवल वाटतं. तिथं आम्ही एक नवी गाडी घेतली होती. राखी रंगाची, जरा उंच, घरगुती वळणाची. परत यायची वेळ झाली तेव्हा ती अजून जुनी म्हणावी अशी झालेली नव्हती. कायमचं घरी परतणाऱ्या माणसाला आपली गाडी सोबत आणता येते. ती तीन वर्षांच्या आतली हवी, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि कर भरायची तयारी हवी. पहिल्या दोन गोष्टी गाडीत होत्या. तिसरी माझ्यात आणावी लागली. कराचा आकडा मी इथं लिहीत नाही, कारण उमादेवी हे वाचणार आहे.

उमादेवी म्हणजे माझी बायको. गाडी आणायचा हट्ट तिचा. लातूरला असताना तिनं कधी सायकलला हात लावला नव्हता, आणि तिकडं ती या गाडीवर चालवायला शिकली. इतकी की बाजार, दवाखाना, दुसऱ्या गावच्या मैत्रिणी, सगळीकडं एकटी जायची. मी म्हणालो, इथंच विकू, लातूरला दुसरी घेऊ. ती म्हणाली, "दुसरी घेतली की ती तुमची हुईल. ही माझी हाय. ही येणार." मी गाडीचे कागद गोळा करायला लागलो.

तर आम्ही विमानानं आलो आणि गाडी जहाजानं निघाली. गाडीच्या पोटात थोडं घरसामान भरलं होतं: भांडी, चादरी, पुस्तकं आणि उमादेवीची एक वस्तू. त्या वस्तूबद्दल पुढं सांगतो, कारण पुढं सगळं तिच्याबद्दलच आहे.

माझी एक चूक मात्र लातूरला येऊन झाली. मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'गाडी जहाजाने निघाली.' हा ग्रुप माझा मेहुणा रविकिरण चालवतो. तो नांदेडला रेल्वेच्या कचेरीत आहे आणि गाड्यांच्या बातम्या जाहीर करायची त्याला नोकरीमुळेच सवय आहे. संध्याकाळपर्यंत निलंग्यात, म्हणजे माझ्या सासुरवाडीत, निटुरेंनी जहाज घेतल्याची बातमी होती.

आमच्या कॉलनीत मात्र लोकांनी शांतपणे घेतलं. लातूर हे एका उन्हाळ्यात प्यायचं पाणी रेल्वेनं आलेलं गाव आहे. काहीही कुठूनही येऊ शकतं यावर इथल्या माणसाचा विश्वास आहे. पण सल्ले आले. समोरचे किशनराव एसटीतून निवृत्त झालेत. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही, पण समुद्राबद्दल त्यांची मतं ठाम आहेत.

"टाकीत पेट्रोल ठिवलाव का?" त्यांनी विचारलं.

"थोडं असेल."

"गेली गाडी. जहाज हललं की पेट्रोल हलतंय. पेट्रोल हललं की गरम हुतंय. आमच्या डेपोत एकदा..."

डेपोतली गोष्ट मी पूर्ण ऐकली. तिचा समुद्राशी संबंध नव्हता. शेवटी ते म्हणाले, "मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सुटी करून आणा. चाकं येगळी, इंजन येगळं. कर बी लागत न्हाई अन् कुणाला कळत बी न्हाई."

मी मान डोलावली. आपल्या भागात मान डोलावणं म्हणजे होकार नसतो, ती फक्त पोच असते.

मग एके दिवशी मुंबईच्या एजंटचा फोन आला. बंदरातून माल सोडवून देणारा हा माणूस, आवाजावरून नेहमी घाईत. म्हणाला, "निटुरे साहेब, गाडी उतरली. गाडी मस्त आहे. फक्त एक सांगा, बकरी कुठे आहे?"

मला वाटलं, नंबर चुकला. मी म्हणालो, "कोणती बकरी?"

"तुमची. यादीत आहे ना. तुम्ही लगेच या."

बंदरात पोहोचलो तेव्हा खुलासा झाला, आणि खुलासा झाल्यावर परिस्थिती जास्त बिघडली. सामान बांधणाऱ्या तिकडच्या माणसांनी सामानाची यादी स्वाहिलीत लिहिली होती. एजंटच्या कचेरीत ती मोबाइलमधल्या भाषांतराच्या यंत्रातून काढून कस्टमला सादर केली गेली. स्वाहिलीत 'म्बुझी' म्हणजे बकरी. आणि तिकडं नारळ खवायच्या पाटालाही म्हणतात म्बुझी. बसायला लाकडी घडीचा पाट, त्याच्या पुढं बाहेर आलेली लोखंडी जीभ, जिभेच्या टोकाला दाते. बकरीसारखी मान पुढं काढून बसलेली असते, म्हणून म्हणत असतील. आपल्या कोकणातल्या खोवणीची ती सख्खी बहीण. उमादेवीची ती वस्तू म्हणजे हीच. तिकडं राहून तिला प्रत्येक भाजीत ओला नारळ घालायची सवय लागली होती, आणि हा पाट तिला शेजारणीनं निरोपाला दिला होता.

यंत्रानं बकरी निवडली. यादीत ओळ उमटली: 'बकरी, एक नग, वापरलेली.' 'वापरलेली' हा शब्द सगळ्याच वस्तूंपुढं होता, कारण वापरलेल्या घरसामानाला सवलत असते. तिकडच्या बायका नेसतात त्या 'कांगा' नावाच्या कापडालाही स्वाहिलीत एका पक्ष्याचं नाव आहे, पण तिथं यंत्रानं कापडच धरलं. नाहीतर सामानातल्या सहा कांगांपायी सहा पक्षीही शोधावे लागले असते.

कस्टमचे साहेब हरियाणाचे. तरुण, नीट भांग पाडलेले, अजिबात न ओरडणारे. ओरडणाऱ्या माणसाला समजावता येतं. शांत माणसापुढं आपलं काही चालत नाही.

"लिस्ट में बकरी है," ते म्हणाले.

"सर, बकरी नहीं है."

"वो तो दिख रहा है. मेरा सवाल ये है कि थी, या नहीं थी."

"नहीं थी सर. मैं शाकाहारी हूँ. हम लिंगायत हैं." मी शर्टाच्या आतून गळ्यातलं लिंगाचं करडूप, म्हणजे लिंग ठेवायची चांदीची डबी, बाहेर काढून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते सरकारी कामासाठी बाहेर आलं.

साहेबांनी आदरानं मान झुकवली आणि म्हणाले, "पालने के लिए लाए होंगे."

मग गाडीतलं सामान बाहेर मांडलं गेलं. यादीतलं सगळं जुळलं. बकरी कमी, आणि यादीत नसलेला एक लाकडी पाट जास्त, ज्याला दाते असलेलं लोखंड जोडलेलं होतं.

"ये क्या है?"

"यही बकरी है, सर," मी म्हणालो.

साहेबांनी त्या दात्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा दात्यांकडं. त्यांच्या डोक्यात काय जुळलं ते मला कळलं. बकरी गायब आहे आणि तिच्या जागी धारदार लोखंड आहे. शाकाहारी माणसाच्या चेहऱ्यावर अशा वेळी जो अपराधी भाव येतो तो खऱ्या गुन्हेगाराच्याही येत नसेल.

त्यांनी जनावरांच्या रोगांचे डॉक्टर बोलावले. डॉक्टर म्हणाले, परदेशातलं जनावर कागदावर आलंय आणि दिसत नाही, म्हणजे ते कुठंतरी आहे. देशातल्या शेळ्यांना रोग लागला तर जबाबदार कोण? शेवटी दोन गोष्टी आणायला सांगितल्या. एक, म्बुझी या शब्दाचा अर्थ सांगणारं स्वाहिली जाणकाराचं पत्र. दोन, घरी बकरी पोहोचलेली नाही असा लातूरच्या सरकारी पशुवैद्याचा दाखला. तोपर्यंत गाडी तिथंच.

पशुवैद्याची अडचण नव्हती. आमच्या मागच्या गल्लीत आनंदराज राहतात, सरकारी जनावरांचे डॉक्टर. सरळ माणूस, कुणाच्या शेळीला बघायला गेले तरी चहासुद्धा घेत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत, आणि म्हणाले, "निटुरे साहेब, माझ्याकडं जित्या जनावराच्या दाखल्याचा नमुना हाय. मेलेल्याचा हाय. जे नव्हतंच त्याचा न्हाई."

"मग लिहून द्या की बकरी नाही म्हणून."

"न बघता कसं लिहू? घरात हाय की न्हाई, मला काय माहीत?"

"आनंदराज, तुम्ही आमच्याकडं नेहमी येता!"

"जेवाय येतो. तपासणीला न्हाई आलो."

दुसऱ्या दिवशी ते तपासणीला आले. सरळ माणूस काम करतो तेव्हा पूर्ण करतो. गळ्यात स्टेथोस्कोप, हातात बॅग, सोबत खात्याचा शिपाई. त्यांनी हॉल पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघराचं दार उघडून पाहिलं, गच्चीवर जाऊन टाकीच्या मागं पाहिलं. अंगणातली माती हातात घेऊन लेंड्या आहेत का पाहिलं. मग जिन्यात उभं राहून दाखला लिहिला: 'समक्ष पाहणी केली असता बकरी आढळून आली नाही.' सही, शिक्का. मी समाधानानं दाखला घडी करून खिशात ठेवला आणि मान वर केली, तर कॉलनीतल्या झाडून सगळ्या गच्च्यांवर माणसं.

किशनराव फाटकातच होते. "जनावर पाळालाव का?"

"नाही हो. गाडीच्या कागदासाठी."

"गाडीला जनावराचा डॉक्टर?"

मी समजावून सांगितलं. पूर्ण, सविस्तर, स्वाहिलीसकट. ते लक्ष देऊन ऐकत होते आणि मान डोलावत होते. मान डोलावण्याबद्दल मी वर लिहिलंच आहे.

त्यातून तयार झालेली बातमी अशी: निटुरेनं आफ्रिकेतनं बोकड आणला, गाडीत लपवून. कस्टमवाल्यांनी धरलं. तोपर्यंत बोकड कापला होता. कापायचं हत्यारही सापडलं. सरकारी डॉक्टर घरी पंचनाम्याला आला होता. किशनरावांची धाकटी बहीण निलंग्याला दिलेली आहे, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं.

मला ते आठवलं नाही, कारण मी नांदेडला गेलो होतो. स्वाहिली जाणणारं माणूस रविकिरणनं शोधून काढलं होतं. मेहुणा बडबड्या असला की असे फायदेही असतात. नांदेडच्या एका कॉलेजात टांझानियाच्या एक बाई शेतीतल्या किडींवर पीएचडी करत होत्या. नाव नीमा. तिकडं स्वतः प्राध्यापक, रजा घेऊन आलेल्या. गुरुद्वाऱ्याच्या बाजूला एका खोलीत राहायच्या आणि नांदेडच्या रिक्षावाल्यांकडून शिकलेली हिंदी बोलायच्या.

मी सगळं सांगितलं. त्या हसायला लागल्या. थांबल्या, माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा हसायला लागल्या. रविकिरणही हसू लागला. मी पाणी प्यालो.

"भैया, इत्ती सी बात को तुम इत्ता हैरान हुए?" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "लाओ, लिख देती मैं."

त्यांनी कॉलेजच्या कागदावर सुंदर अक्षरात पत्र लिहिलं. मग म्हणाल्या, भाभींशी बोलायचंय. व्हिडिओवर उमादेवी आली आणि दोघी स्वाहिलीत सुटल्या. माझी स्वाहिली कारखान्यापुरती. उमादेवीची बाजाराची, म्हणजे खरी. त्यात मला एकच शब्द ओळखू आला, 'म्जिंगा'. कारखान्यातले मजूर माझ्या पाठीमागं तो वापरायचे, म्हणून माहीत आहे. अर्थ देत नाही.

पण बोलता बोलता उमादेवीचा आवाज खाली गेला. नीमाबाईंचंही हसू थांबलं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"अप्पा आलेत," उमादेवी म्हणाली. "सकाळपासून बसलेत. काही बोलंनात. मी पाणी दिलं, घेतलं न्हाई."

माझे सासरे मडिवाळप्पा निलंग्याचे आडत व्यापारी. वय झालंय, तरी दुकानात गादीवर बसतात. रोज पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. त्या माणसानं लेकीच्या घरचं पाणी नाकारलं, याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता. मला गाडीचं काही वाटेनासं झालं. एसटीत बसलो तो वाटेतलं लोहा आलं कधी, गेलं कधी, कळलं नाही.

घरी पोहोचलो तर मामा, सासऱ्यांना मी मामाच म्हणतो, दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले. कपाळावर विभूतीचे पट्टे. पायाशी पिशवी, पिशवीत निलंग्याहून भरून आणलेली पाण्याची बाटली. आत हॉलमध्ये पंख्याखाली जागा होती, पण ते उंबऱ्याच्या इतक्या जवळ बसले होते की आत आलेत असंही म्हणता येईना आणि बाहेर आहेत असंही नाही.

"मामा, तसं काही नाही," मी म्हणालो.

"मी काही इचारालो का?" ते म्हणाले. "मी लेकीला बघाय आलो. बघितलो."

"मामा, ती बकरी नाही, पाट आहे."

"पाट असंल. लोक बकरी म्हणालेत. बाजारात सगळे तोंडावर काही बोलंनात. मी गेलो की गप हुतेत. मला इतकी वर्सं झाली त्या बाजारात, मी गेलो की लोक बोलाय लागायचे."

याला माझ्याकडं दाखला नव्हता. खिशात एक होता, पण तो बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

उमादेवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रडत असेल असं मला वाटलं, पण ती रडत नव्हती. ती रागात होती. "अप्पा, उठा. मुंबईला चला."

"मी कशाला?"

"माझी बकरी बघाय. लोकांनी सांगितलेली ऐकलाव न्हवं? आता डोळ्यानं बघा. न्हाई पटलं तर परत माझ्या दारात येऊ नका."

मग मामांनी पिशवी उचलली. "गाडी कवा हाय?" त्यांनी मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असलेली गोष्ट त्यांनी विचारली होती, आणि मला वेळापत्रक आठवेना. रविकिरणला फोन करून विचारलं.

रेल्वेत मामा खिडकीपाशी बसले. सकाळी त्यांनी बर्थवरच पूजा केली. डब्यातल्या लोकांनी पाय आवरून जागा दिली. आमच्या जेवणाच्या डब्यातलं त्यांनी काही खाल्लं नाही. उमादेवीनं दशम्या केल्या होत्या, त्या तिनं डबा उघडून त्यांच्या पुढं ठेवल्या आणि थोड्या वेळानं डबा पुन्हा बंद केला.

बंदरावर साहेबांनी आम्हा तिघांना पाहिलं आणि जरा सावरून बसले. एकटा माणूस म्हणजे पक्षकार, पण कुटुंब आलं की ते प्रकरण होतं. मी आधी दाखला दिला. त्यांनी तो वाचून बाजूला ठेवला. मग नीमाबाईंचं पत्र दिलं. ते वाचता वाचता त्यांनी एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

"इसमें लिखा है, म्बुझी मतलब बकरी."

मी पत्र हातात घेतलं. खरंच तसं लिहिलं होतं. नीमाबाई पडल्या अभ्यासक. त्यांनी शब्दाचे सगळे अर्थ दिले होते, आणि पहिला अर्थ बकरी. पाट दुसऱ्या क्रमांकावर, पुढच्या पानावर. मी एवढ्या लांबून कॉलेजच्या कागदावरचा पुरावा आणला होता तो माझ्याच विरुद्ध.

मी खुर्चीवर बसलो. साहेबांनी पत्र परत घेऊन पुढचं पानही वाचलं, आणि पुन्हा पेन्सिलीच्या रेघेवर आले.

"नारियल मंगाओ," उमादेवी म्हणाली.

"मैडम?"

"एक नारियल. और मेरी बकरी लाओ इधर. और वो डॉक्टर को भी बुलाओ."

तिचा आवाज असा होता की तिथले दोन शिपाई साहेबांकडं न बघताच उठले. फाटकाबाहेरच्या गणपतीच्या देवळापाशी नारळ मिळाला. पाट आणला. तिनं घडी उघडली, शेडमध्ये गाडीच्या पुढं फरशीवर मांडला, पदर खोचला आणि त्यावर बसली. नारळ फोडून देण्याचं काम मला मिळालं. तिसऱ्या घावाला फुटला, आणि पाणी साहेबांच्या बुटांवर गेलं. साहेबांनी पाय मागं घेतले.

उमादेवीनं अर्धी वाटी दात्यांवर धरली आणि फिरवायला लागली. खर्र, खर्र. खाली ताटलीत पांढराशुभ्र कीस पडू लागला. जनावरांचे डॉक्टर वाकून बघत होते. बाजूच्या शेडमधली माणसं आली. एक बाई कर्मचारी म्हणाली, "अय्या, आमच्या मालवणला खोवणी असते तश्शीच!" ती इतके दिवस पलीकडच्या खोलीतच बसत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी चिमूटभर कीस तोंडात टाकला आणि विचार करून म्हणाले, "नारियल है."

साहेब उठले. "मैं करके देखूँ?" त्यांनी उमादेवीला विचारलं. बसले, दोनदा फिरवलं, बोट थोडक्यात वाचलं, आणि त्या भांग पाडलेल्या शांत चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. मग त्यांनी ताटली उचलली आणि कडेला उभ्या असलेल्या मामांसमोर धरली. "बाबूजी, पहले आप."

उमादेवी पाटापाशी उभी होती. तिनं बापाकडं बघितलं नाही. ती हाताला लागलेला कीस झटकत राहिली. मीही गाडीच्या काचेकडं बघत होतो. काचेत सगळं दिसत होतं.

मामांनी ताटलीकडं पाहिलं, पाटाकडं पाहिलं. खाली वाकून त्या लोखंडी जिभेवरून बोट फिरवलं. मग लेकीपुढं उजवा तळवा पसरला.

"अव्वा, तू घाल," ते म्हणाले. "अन् साखर हाय का बघ."

साखर कारखान्यात जन्म गेलेल्या माझ्याकडं साखर नव्हती. चहावाल्याकडून पुडी आणली. मामांनी खाल्लं, पुन्हा हात पुढं केला, पुन्हा खाल्लं, आणि वर उमादेवीच्या बाटलीतलं पाणी प्याले. मग विचारलं, "दशम्या हायत का संपल्या?" उमादेवी डबा काढायला वळली ती बराच वेळ पिशवीत तोंड घालून डबा शोधत राहिली.

साहेबांनी कागदावर शेरा मारला. मी तो नंतर वाचला. मराठीत सांगायचं तर, 'बकरीची प्रत्यक्ष तपासणी केली. लाकडी आढळली. हरकत नाही.'

गाडी ट्रकवर चढून लातूरला आली. आरटीओत तपासणी झाली, नंबर मिळाला, उमादेवीनं परीक्षा देऊन इथलं लायसन काढलं. कॉलनी बघायला जमली तेव्हा किशनरावांनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली, टायरवर पायानं ठोकलं आणि म्हणाले, "हीच का? असल्या तर आपल्याकडं हप्त्यावर मिळतेत." मग खिडकीला डोळे लावून मागच्या सीटकडं बघत राहिले. त्यांना काय बघायचं होतं ते मला माहीत होतं. मी दार उघडून दाखवलं. काही नव्हतं. त्यांची निराशा मला बघवेना.

पहिल्या रविवारी मामांचा फोन आला. मला नाही, लेकीला. "गाडी घेऊन ये. बाजाराच्या दिवशी ये."

बाजाराच्या दिवशी आम्ही निलंग्याला गेलो. मामा धोतर-टोपी घालून, ताजी विभूती लावून दुकानाबाहेर उभेच होते. मी पुढच्या सीटवरून उतरून त्यांना जागा दिली आणि मागं बसलो. मामा उमादेवीच्या शेजारी बसले, काच खाली करायला सांगितली, आणि म्हणाले, "हळू चालव. बाजारातून घे."

ती बाजारातून घेऊ लागली. उसाच्या ट्रॅक्टरला वाट देत, हातगाड्यांच्या मधून, एकदाही न अडखळता. थांबायचं कुठं ते मामा सांगत होते. प्रत्येक ओळखीच्या दुकानापुढं ते हात वर करायचे, गाडी थांबायची, आणि ते खिडकीतून म्हणायचे, "माझी लेक. आफ्रिकेत शिकली. हीच चालवती." एवढंच. बोकडाबद्दल, पाटाबद्दल, कस्टमबद्दल एक अक्षर नाही. दुकानदार उठून उभे राहायचे, हात जोडून शरणार्थ घालायचे, बोलायला लागायचे. मामा पुढं चल म्हणायचे.

बाजाराला दोन चकरा झाल्या. तिसरी सुरू झाली तेव्हा भुसार मालाचा एक म्हातारा व्यापारी खिडकीशी वाकला, उमादेवीला आशीर्वाद दिला आणि डोळे बारीक करून आत बघत विचारू लागला, "अन् मागं कोण बसलंय, अप्पा?"

मामांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"जावई हायत," ते म्हणाले. "नारळ फोडाय लागतेत."